बदकाची कलेजी

सौदीतल्या रास तनुराच्या रिफायनरीत मी फिटर. शटडाऊनच्या दुरुस्तीकामाला आलेला एक फ्रेंच इंजिनिअर फ्वा ग्राचं नाव घेताना डोळेच मिटायचा. बदकाला खाऊ घालून घालून फुगवलेली त्याची कलेजी, एवढंच मला कळलं होतं. तेव्हापासून माझा जीव तिच्यात अडकलेला. पण कामगारांच्या कॅम्पातून एकट्याने जायचं आणि एकट्याने खाऊन यायचं, त्यात काय मजा?

यंदा बायको व्हिजिट व्हिसावर आली. मी भाड्याने खोली घेतली. मी ड्युटीवर, ती दिवसभर चार भिंतींत. तिला काही करमेना. तिचा व्हिसा संपत आला होता. वाढवून घेऊ का, असं विचारलं की ती नुसतं ‘बघू’ म्हणायची. तिने राहावं म्हणून मी आतून तळमळत होतो. शेवटी शुक्रवारी तिला खोबर शहरातल्या फ्रेंच हॉटेलात घेऊन गेलो. वेटर हैदराबादचा. हलाल आहे ना, हे तिने त्याच्याकडून खात्री करून घेतलं आणि आम्ही ऐटीत बसलो.

प्लेट आली. वरून तांबूस भाजलेले दोन तुकडे, शेजारी अंजिराचा मुरंबा. मी पहिला घास घेतला आणि अहाहा! चावायचं कामच पडलं नाही. लोण्याचा गोळा विरघळावा तसा तो जिभेवर विरघळला, आणि मागे कलेजीची ओळखीची चव रेंगाळली. मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा बायको आपला तुकडा काट्याने उलटापालटा करत होती.

“अहो, ही आतून गुलाबी हाय!”

आमच्याकडे बकरी ईदला नमाज पढून आल्यावर पहिला घास कुर्बानीच्या कलेजीचा, आणि ती कलेजी हीच करते. आत जरा गुलाबी राहिली तर तिला अब्रू गेल्यासारखं वाटतं. तिने वेटरला बोलावलं.

“भैया, कच्ची है. पूरी पकाके लाओ.”

“मॅडम, ये ऐसीच रहती.”

“कलेजी मेरेको मत सिखाओ.”

वेटरने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी वाद घातला असता, पण व्हिसा डोळ्यांसमोर होता. मीच प्लेट उचलून त्याच्या हातात दिली. माझा उरलेला अर्धा तुकडाही प्लेटीबरोबर गेला!

प्लेट परत आली तेव्हा तिच्यात कलेजी वितळून नुसती पातळ पिवळी चरबी उरली होती, आणि मधोमध नखाएवढे दोन काळे कुरकुरीत तुकडे. बायकोचा चेहरा पडला. संपलं सगळं, म्हटलं; आता ही उद्याच विमानात बसते.

तिने टोपलीतला पाव मोडला, चरबीत बुडवला, तोंडात घातला. मग दुसरा तुकडा. मग ती अशी हसत सुटली की शेजारच्या टेबलावरचं सौदी कुटुंबही हसू लागलं. दोघांनी पावाने पुसून प्लेट लख्ख केली. इतकं मजेचं जेवण मी या देशात कधी जेवलो नव्हतो.

“दुसरी मागवू?” मी विचारलं.

“आज नको. पुढच्या महिन्यात येऊ. तेव्हा आणतील तशी खाईन.”

“पुढच्या महिन्यात?”

“मग काय!” ती बोटं चाटत म्हणाली. “व्हिसा वाढवताय ना?”