लोटनभाऊंच्या उलट्या काड्या

आधी चहा घ्या हातात, कारण हे ऐकून तुम्ही मला शिव्याच घालणार आहात. घाला! आठवडाभर मी स्वतःला तेच करतोय.

मी साक्रीच्या शाळेत संगीत शिकवतो आणि लग्नसराईत पिंपळनेरच्या एका बँडला कॉम्प्युटरवर नोटेशन लिहून देतो. त्या बँडमध्ये दोन सख्खे भाऊ क्लॅरिनेटवर आहेत. थोरले नाना मुख्य चाल वाजवतात आणि धाकटे लोटनभाऊ खालून साथ धरतात. बत्तीस वर्षं हेच! लोटनभाऊ साठीला आले, पण चाल त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

दोघांचे सूर मी एकाच ओळीवर लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना दोन व्हॉइस म्हणतात. ज्या सुराच्या टिंबाला जोडलेली काडी वर, तो नानांचा. काडी खाली, तो लोटनभाऊंचा. सोपं आहे की नाही? गाढवालाही जमेल. मला नाही जमलं.

धुळ्याच्या लग्नाला निघायच्या सकाळी मला एक सूर चुकीच्या व्हॉइसमध्ये दिसला. एकच! तो निवडला, व्हॉइसची अदलाबदल करणारं बटण दाबलं, तेवढ्यात खाली बँडच्या गाडीचा हॉर्न. "सर, चला ना! नवरदेव घोडावर बशी ग्या व्हई!"

पुन्हा हॉर्न. पुन्हा हॉर्न! माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार? न बघता कागद छापले आणि तणतणत गाडीत बसलो.

वर गाडीत सगळ्यांना दम भरला, "तालमीत काय वाजवलं ते विसरा. आज कागदावर असेल तेच वाजवायचं. एक सूर इकडचा तिकडे झाला तर माझ्याशी गाठ आहे!"

हा दम कोणी दिला? मी!

वरात मांडवापाशी आली. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्या कडव्याला बघतो तर काय, नाना खाली उतरलेले आणि लोटनभाऊ मुख्य चाल घेऊन वर! डोळे कागदाला चिकटलेले, मान डोलतेय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्या भावाची चाल पळवतो हा माणूस? तीही भर वरातीत? गाणं संपेपर्यंत कसाबसा दम धरला आणि वऱ्हाडासमोर ओरडलो, "लोटनभाऊ, लाज नाही वाटत? वर जायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सर, कागदवर जे शे तेच वाजाडं मी."

"कागदाला नावं ठेवू नका! कागद मी लिहिलाय!"

लोटनभाऊंनी पेटी उघडली. क्लॅरिनेट सुटं करून एकेक तुकडा पेटीत ठेवायला लागले. हा माणूस आज पेटी बंद करून गेला तर बँडमध्ये परत येणार नाही, हे नानांनी ओळखलं. त्यांनी कागद माझ्या नाकासमोर धरला.

"सर, काड्या देखा."

बघितल्या. दुसऱ्या कडव्यापासून शेवटपर्यंत सगळ्या उलट्या! एक सूर निवडला असं मी समजत होतो आणि निवडलं होतं अर्धं गाणं. माझ्या चुकीपायी मी साठीच्या माणसाची चारचौघांत लाज काढली होती. तरी आडमुठेपणा बघा, मी खिशातून पेन काढून काड्या दुरुस्त करायला लागलो.

नानांनी पेन हिसकावलं. "ऱ्हाऊ द्या. लोटननी फुंक इतली गोड शे, हाई माले बी माहीत नई व्हतं."

लोटनभाऊंचा हात पेटीवरच थांबला. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच नवरीचे वडील गर्दीतून वाट काढत आले.

"हाई गानं कोनी बसाडं? पहिले एक भाऊ वर, मंग दुसरा! डोयामा पानी उनं!"

आता लोटनभाऊ सगळं सांगणार, असं मला वाटलं. सांगायलाच हवं होतं.

"या सरनी बसाडं," ते म्हणाले. एवढंच.

नवरीच्या वडिलांनी लगेच माझ्या सत्काराला टॉवेल-टोपी मागवली. आणि लोटनभाऊंची लाज काढणारा हा मास्तर काय म्हणाला ठाऊक आहे? काही नाही. टोपी नीट बसावी म्हणून निमूट खाली वाकला!