यारीवरचा हात

राजस्थानातल्या वाळवंटात पवनचक्क्या उभ्या करायला आमच्या शिरूरच्या मालकांची क्रेन भाड्यानं गेली आणि तिच्याबरोबर ऑपरेटर म्हणून मी. वाळू कुठं जात नव्हती ते विचारा! फिल्टरमध्ये, डोळ्यांत, भाकरीत. दुपारी लिव्हरला हात लावायची सोय नव्हती. वारा सुटला की काम बंद, आणि मग साइटवरचे सगळे माझ्याकडं असं बघायचे, जसा काही वारा मीच सोडलाय.

त्यातच गावाकडून, पाबळहून फोन आला, वडिलांना लकवा मारला. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. वाचा गेली, उजवं अंग गेलं. शिरूरच्या दवाखान्यात नाकात नळी घालून ठेवलं. आता सुधारणा नाही, घरी न्यायचं तर न्या, असं डॉक्टर म्हणाले. आई ऐकेना. "बरं हुत्यात ते," एवढंच धरून बसली.

टॉवर अर्धा उभा होता, बदली माणूस आल्याशिवाय मला हलता येईना. माझं डोकं सटकलं. मालकांना फोनवर नाही नाही ते बोललो. ते बिचारे म्हणाले, "अरे बाबा, दुसरा ऑपरेटर दौंडला गाडीत बसलाय." पण तो पोचणार कधी?

वाऱ्यामुळं काम थांबलं होतं तेव्हा बहिणीनं व्हिडिओ कॉल लावला. आबांचा डावा हात चादरीवर हलत होता. तळवा खाली, सावकाश दाबल्यासारखा.

"दादा, सारखं असंच करत्यात. आईला इचारलं तर ती तोंड फिरवती."

मला बघताक्षणी कळलं. आबांची यारी होती, विहिरीतला दगड-मुरूम वर काढायची. इंजिनाच्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू येणार? काठावरून आबा हातानं सांगायचे, इंजिनावर मी असायचो. तळवा खाली दाबला म्हणजे सोड, सावकाश सोड. आणि आमची पद्धत अशी, की इंजिनावरच्यानं हात वर करून 'सोडतो' असं कळवायचं. तोवर काठावरचा हात थांबायचा नाही.

म्हणजे आबा केव्हाचे सांगत होते आणि कुणी हातच वर करत नव्हतं.

मला आबांचा रागच आला. कशाला माझ्यावर टाकताय हे, आबा! मी लांब कुठं वाळूत बसलोय. पण तो हात दमला होता, तरी चालूच होता. शेवटी बहिणीला फोन आबांसमोर धरायला सांगितला आणि माझा हात वर केला. आबांचा हात थांबला.

"त्यांना घरी न्या," मी बहिणीला म्हणालो, आणि केबिनचं दार लावून लहान पोरासारखा रडलो.

घरी आणल्यावर आबा लगेच गेले. मी दौंडला गाडीतून उतरलो तेव्हा माती होऊन गेली होती. सावडून आल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली.

"मलाबी कळत हुतं रे," ती म्हणाली. "यारीवर भाकरी घेऊन काय कमी गेले का मी? पर माझा हातच वर हुईना."