चारशे अंगठे

लग्नाच्या बातमीखाली पहिली श्रद्धांजली कोणी वाहिली हे आता सांगता येणार नाही, पण तिच्यामागे रांग लागली होती हे मी स्वतः पाहिलं आहे.

बातमी एका मराठी नटीच्या दुसऱ्या लग्नाची होती. वर मोठा फोटो, दोघांच्या गळ्यात जाडजूड हार. कुणीतरी हार पाहिले, चेहरा ओळखला, आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून हात जोडून मोकळा झाला. पुढच्याने त्याचं बघून जोडले. तिसऱ्याने लिहिलं, ‘हे काय वय होतं?’ त्याच्याखाली एका बाईंनी उत्तर दिलं, ‘प्रेमाला वय नसतं.’ मग दोघांचं दिवसभर चाललं. तो मरणाबद्दल बोलत होता, बाई लग्नाबद्दल, आणि शेवटपर्यंत दोघांनाही आपण हरलो असं वाटलं नाही.

मी मुलुंडला राहतो आणि हिशेब तपासण्याची नोकरी करतो. कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचं नाही ही त्या नोकरीची सवय आहे, म्हणून मी बातमी शेवटपर्यंत वाचली. चार परिच्छेद होते, तेही लहान. दुसऱ्यात लिहिलं होतं की पहिला घटस्फोट सहा वर्षांपूर्वी, दोघांच्या संमतीने झाला. खाली आणखी एक फोटो होता, त्यात पहिला नवरा मागच्या ओळीत हातात जिलबीची ताटली घेऊन हसत उभा होता. आणि त्याच बातमीखाली शेकडो माणसं विचारत होती की त्या बिचाऱ्याच्या मनाला आज काय वाटत असेल. बिचारा जिलबी खात होता.

या भांडणांची एक ठरलेली चाल असते, ती मी नंतर बऱ्याच ठिकाणी ताडून पाहिली. आधी कुणीतरी येऊन विचारतो, ‘ही काय बातमी आहे? देशात दुसरे प्रश्न नाहीत का?’ हा माणूस प्रत्येक बातमीखाली असतो. देशाचे प्रश्न सोडून तो इथे काय करतोय हे त्याला कुणी विचारत नाही. मग मालिका बघणारे येतात. नटीने चार वर्षं सोशिक सुनेचं काम केलेलं असतं, त्यामुळे तिने सासर सोडलं याचा त्यांना वैयक्तिक धक्का बसलेला असतो. मग ‘आधी स्वतःच्या घरात बघा’ येतं. पाचव्या उत्तराला जात निघते, सातव्याला पक्ष. मध्येच एक आजोबा गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ टाकून जातात. त्यांचं त्यातल्या त्यात बरं. निदान ते खोटं बोलत नाहीत.

ही बातमी मी आपणहून उघडली नव्हती. नाहूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने ती मला पाठवली होती, ‘दादा, माझी कॉमेंट बघ, सगळ्यांत वर आहे’ असं लिहून. तिची कॉमेंट खरोखरच सगळ्यांत वर होती. तिने लिहिलं होतं: ‘पहिलं घर टिकवता आलं नाही ती दुसरं काय टिकवणार? हल्लीच्या मुलींना सहनशक्ती नाही. दोष आईवडिलांचा. माघारी आल्यावर घरात घेतातच कशाला?’ खाली चारशेच्या वर अंगठे.

ती कॉमेंट मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती बहिणीचंच नाव आहे ना हे बघायला. नाव तिचंच होतं. आमच्या पिढीची माणसं खोट्या नावाने लिहीत नाहीत. पूर्ण नाव, मधे नवऱ्याचं, आणि शेजारच्या गोल चौकटीत गौरीपुढे काढलेला मायलेकींचा फोटो.

त्या फोटोतली मुलगी म्हणजे माझी भाची. पवईला एका कंपनीत कामाला आहे. तिचं पहिलं लग्न दीड वर्ष टिकलं. त्या घरात काय चाललं होतं ते तिने फक्त आईला सांगितलं, आणि सांगितलं त्याच दुपारी माझी बहीण रिक्षा करून तिच्या सासरी गेली, दोन बॅगा आणि मुलगी घेऊन परत आली. नवऱ्याला विचारलं नाही, मला विचारलं नाही. आम्हाला संध्याकाळी कळलं. आमच्या घराण्यात इतक्या झटपट आणि इतका बरोबर निर्णय दुसऱ्या कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

आणि त्याच बाईने हे लिहिलं होतं.

मी फोन केला. ती म्हणाली, “अरे, ते त्या नटीबद्दल आहे. आपलं वेगळं.” वेगळं कसं ते मी विचारलं, तर ती चिडली. म्हणाली, तिथे सगळे असंच लिहितात, तू उगीच ऑडिट करू नकोस. हे मात्र तिने खरं सांगितलं. तिथे माणसं स्वतःला ठाऊक असलेलं लिहीत नाहीत, वरच्याने लिहिलेलं थोडं जास्त तिखट करून लिहितात. जो जास्त तिखट करील त्याला अंगठे. माझी बहीण उत्तम स्वयंपाक करते, तिला तिखट बरोबर जमलं.

एरवी हे तिथेच संपलं असतं, पण त्याच महिन्यात भाचीसाठी घाटकोपरचं एक स्थळ आलं होतं. मुलगाही घटस्फोटित. एकदा बहिणीच्या घरी बसणं झालं होतं, नंतर दोघं पवईला दोन वेळा आपली आपण भेटली होती. भाची फारसं बोलत नाही, पण तिसऱ्या भेटीला कुठला कुर्ता घालू असं तिने आईला विचारलं, आणि बहिणीने तेवढ्यावर मला फोन करून रडून घेतलं होतं.

स्थळाची चौकशी करण्याची आपली जुनी पद्धत आहे. पूर्वी बिल्डिंगच्या वॉचमनला, किराणावाल्याला, ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला विचारायचे. आता बसल्या जागी फोनवर बघतात. मुलाच्या आत्याबाईंनी मुलीचं बघितलं, त्यात काही सापडलं नाही. मग मुलीच्या आईचं बघितलं.

त्यांनी मला फोन केला, कारण मी मामा. लग्नात मामाला मान असतो तो बहुधा अशा कामांसाठीच. त्यांनी कॉमेंट सावकाश वाचून दाखवली, ‘घरात घेतातच कशाला’ हे दोनदा. मग म्हणाल्या, “तुम्ही राग मानू नका. पण आईच जर म्हणते की सहनशक्ती नाही, तर त्या घरात नक्की काय झालं होतं? आम्हाला सांगितलं ते सगळं खरं ना?”

मी म्हटलं, सगळं खरं आहे. मग मी विचारलं की तुमच्या मुलाच्या पहिल्या लग्नात नक्की काय झालं होतं.

“मुलाचं वेगळं,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी नाहूरला गेलो. बहिणीला सांगितलं तेव्हा ती सोफ्यावर बसली ती उठेना. आधी म्हणाली, अकाउंट हॅक झालं म्हणून सांगू. मग म्हणाली, आत्याबाईच मेल्या चोंबड्या. भावोजींना एकच उपाय दिसत होता, डिलीट कर. आत्याबाईंनी फोटो काढून ठेवला असणार हे मी त्यांना सांगितलं. तरी ते डिलीट कर, डिलीट कर म्हणत राहिले. बहिणीला डिलीट कसं करतात ते येत नव्हतं. लिहिता येत होतं.

भाची आतून आली. आमचं सगळं तिने ऐकलं होतं. बहीण तिला म्हणाली, “बाळा, तू वाचू नकोस ते.”

“मी पहिल्याच दिवशी वाचलं, आई. तूच जेवताना सांगत होतीस ना, चारशे झाले म्हणून.”

भावोजी खिडकीबाहेर बघायला लागले. मला त्या जेवणाची कल्पना करवेना. पानावर ही मुलगी समोर बसलेली, आणि आई आनंदाने सांगतेय की माघारी आलेल्या मुलीला घरात घेऊ नये हे चारशे लोकांना पटलं.

बहीण म्हणाली, मी तुझा विचारच केला नव्हता गं. भाची म्हणाली, तेच तर. आवाज चढवला नाही. मग म्हणाली, “डिलीट नको करूस. त्याच्याखाली खरं काय ते लिही. तेवढं एक कर माझ्यासाठी.”

स्थळाला काय सांगायचं यापेक्षा तिला हे हवं होतं. आत्याबाईंनी विचारलेलं तिला फारसं लागलं नव्हतं. आपल्याला घरी आणून आई मनातून पस्तावली आहे का, हा प्रश्न ती ते जेवण झाल्यापासून बाळगून होती.

बहिणीने चष्मा लावला. खूप वेळ एका बोटाने टाइप करत होती. पुसलं, परत लिहिलं. भावोजी म्हणाले, अगं सगळ्या नातेवाइकांना दिसेल. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा जरा. मग तिने फोन माझ्याकडे दिला, तपासायला. लिहिलं होतं: ‘वर मी चुकीचं लिहिलं. माझी स्वतःची मुलगी दीड वर्षात सासर सोडून आली. मीच तिला आणायला गेले होते. परत वेळ आली तर परत जाईन.’

तपासण्यासारखं काही नव्हतं. फोन मी भाचीकडे दिला. तिने वाचलं आणि स्वतःच पाठवलं.

पुढे काय झालं असेल हे या लोकांना ओळखणाऱ्याला सांगायला नको. जे चारशे जण आदल्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या शहाणपणावर अंगठे उठवत होते, त्यांच्यातलेच कितीतरी धावून आले. ‘म्हणजे तुमच्यातच खोट.’ ‘अशा आयांमुळेच संसार मोडतात.’ एकाने तर तिचं पहिलं वाक्य तिलाच उत्तर म्हणून चिकटवलं, घरात घेतातच कशाला. देशाचे दुसरे प्रश्न विचारणारा माणूस परत आला आणि त्याने देशाचे दुसरे प्रश्न विचारले. एकाने श्रद्धांजली वाहिली, कुणाला ते कळलं नाही. नटीची आठवण तिथे कुणालाच उरली नव्हती. बहीण सोफ्यावर बसून एकेक वाचत होती आणि मधून मधून म्हणत होती, “ही माणसं मला ओळखतात तरी का रे?” मी म्हटलं, तू त्या नटीला ओळखत होतीस का? मी हे तिला तेव्हा बोलायला नको होतं असं माझी बायको म्हणते. मला तसं वाटत नाही.

नव्या कॉमेंटला नऊ अंगठे मिळाले. त्यांतला एक माझा.

मंगळवारी आत्याबाईंचा फोन आला. आवाज गोड होता, म्हणजे नकार. मुलीबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं, आईने इतकं मोकळेपणाने लिहिलं याचं तर त्यांना कौतुकच होतं. पण अशी गोष्ट चव्हाट्यावर कशाला मांडायची? त्यांच्याकडच्या नातेवाइकांना मुलीचं हे दुसरं लग्न आहे हे अजून सांगितलं नव्हतं. सांगायचा विचारही नव्हता. आता सगळ्यांनी वाचलं. मी विचारलं की मुलाचं काय म्हणणं आहे. त्या म्हणाल्या, तो आमच्या शब्दाबाहेर नाही.

भाचीने त्याला स्वतः एक फोन केला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी ‘सॉरी, घरी टेन्शन आहे’ असा मेसेज आला, पुढे हात जोडलेले. श्रद्धांजलीवाल्यांनी जोडले होते तसेच.

हे सगळं ऐकून बहीण रडायला लागली. माझ्यामुळे मोडलं, मी हातातला फोन फेकून देते वगैरे. भाचीने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि शेजारी बसली. म्हणाली, “रडू नकोस गं. या वेळी तुला रिक्षा तरी करावी लागली नाही.”