मान डोलावली म्हणून

मंडळी, आज मला फार शरम वाटतेय.

नात जर्मनीत शिकवते. सकाळी फोनवर म्हणाली, "आबा, वर्गातल्या मुलाने चित्र दाखवलं. छान म्हणून मी आपल्यासारखी मान डोलावली. त्याला वाटलं, मी नाही म्हणतेय. रडला हो!"

मी खो खो हसलो.

"आबा, तुम्हीपण हसताय?" म्हणत तिने फोन ठेवला.

मग पन्नास-पंचावन्न सालची धुळ्याची शाळा आठवली. विलायतेच्या बाई कविता वाचत होत्या. अर्थ कळत नव्हता, पण लयीत आम्ही बठ्ठे, सगळा वर्ग, माना डोलवत होतो. बाईंनी "नको?" म्हणत पुस्तक मिटलं. पुन्हा कधी कविता वाचली नाही.

"बाई, गोड शे, वाचा ना!" एवढंही कुणी म्हणालं नाही. आम्ही हसत बसलो.

आता नातीला कोणत्या तोंडाने फोन करू?