खाऱ्या पाण्याचा कहवा

भिकादादा सकाळी उठला की आधी विहिरीवर जायचा. पंपाच्या पाइपाखाली ओंजळ धरायचा, एक घोट तोंडात घेऊन गालात फिरवायचा आणि थुंकायचा. मग म्हणायचा, "कालच्यासारखं." नाहीतर, "चढलं." चढलं म्हणजे पाण्याचा खार वाढला. पहिल्या दिवशी मी विचारलं, "दादा, नुसती चूळच भरता, दात कधी घासता?"

तो म्हणाला, "दात गेले तरी चालतील, बाय. विहीर गेली तर तू आणि मी, दोघं परतीच्या विमानात."

आखातात, अल ऐन शहराच्या बाहेर एका अरबाचा खजुराचा मळा होता. मालकाला तिथे अरबाब म्हणतात. भिकादादा राजापूरकडचा, त्या मळ्यावर कैक वर्षं होता. मी रत्नागिरीजवळच्या समुद्रकाठची, चौथी पास. नवरा गेल्यावर, नव्वद सालानंतर, अरबाबच्या घरी स्वयंपाकाला लागले. मुलगा गावी आजीजवळ शिकत होता.

भिकादादा काही देवमाणूस नव्हता. चिडका होता. माझ्या प्रत्येक कालवणात खोट काढायचा. भांडी घासताना नळ चालू राहिला तर मळ्यातून ओरडायचा, "गो बाय, माहेरचा समुद्र बरोबर आणलास काय?" तांदूळ धुतलेलं पाणी माझ्या हातातून काढून घेऊन पुदिन्याला घालायचा. पहिलं वर्ष मला त्याचा फार राग यायचा.

खजुरांच्या सावलीत लिंबाची झाडं होती. अरबाबने मोकळ्या जमिनीत उंटांसाठी गवत लावलं. गवताला गिऱ्हाईक चांगलं, म्हणून आणखी लावलं. पंप थांबेनासा झाला. भिकादादा रोज "चढलं" म्हणायला लागला. लिंबाची पानं टोकांकडून करपली. त्याने अरबाबला तीन-चारदा सांगितलं. अरबाब हसायचा, "इन्शाल्ला, बारिश आएगी." माणूस वाईट नव्हता. पण घरात प्यायला बाटल्या यायच्या आणि स्वयंपाकाला टँकरचं पाणी. स्वतःच्या विहिरीचं पाणी त्याच्या जिभेला कित्येक वर्षांत लागलं नव्हतं.

एका शुक्रवारी अरबाबची म्हातारी आई मळ्यावर आली. भिकादादा विहिरीच्या पाण्याची बादली घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"आजचा कहवा ह्या पाण्याचा कर."

"डोकं फिरलंय? मला घरी पाठवतील. पोराचं शिक्षण कोण करेल?"

"गवत असंच वाढलं तर मळाच खलास. मग रांधशील कुणाला?"

मी बादली आत घेतली. कहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, केला.

म्हातारीने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. अरबाबने घेतला आणि तोंड वाकडं केलं. "किसने बनाया?"

मी तोंड उघडायच्या आत भिकादादा पुढे झाला. "अरबाब, पानी मैंने बदला. बाई को मालूम नहीं. वो टँकर का समझी. ये अपने कुएँ का है."

माझ्याबद्दल तो धडधडीत खोटं बोलला.

म्हातारी मुलाशी अरबीत हळू बोलली. तो खाली मान घालून ऐकत राहिला. ती काय म्हणाली ते भिकादादाने मला नंतर सांगितलं : "मी नवरी होऊन आले तेव्हा ह्याच विहिरीचं पाणी प्यायले. गोड होतं. तू त्याचं काय केलंस?" एवढं बोलून तिने पेला पुन्हा उचलला आणि सगळा संपवला.

दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या गवताचं पाणी बंद झालं. अरबाब आठवडाभर भिकादादाशी बोलला नाही, पण त्याला काढलं नाही. मलाही नाही. त्या एका खोट्यावर माझं पोर शिकलं.

मळा पुरता वाचला असं मी म्हणणार नाही. शेजारच्या मळ्यांचे पंप चालूच होते. भिकादादा म्हणायचा, "खाली सगळ्यांचं भांडं एकच आहे, बाय. आपण आपला पेला लहान केला, इतकंच." लिंबं गेली. खजूर राहिले.

पुढे त्याचे गुडघे गेले आणि तो गावी परतला. निघताना मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही नसता तर..."

"पुरे. नळ बंद केलास ना?"

हा आमचा निरोप. काही वर्षांनी तो गेल्याचा फोन आला. मी रडले नाही. उठून स्वयंपाकघरातला नळ बघून आले.

आता मी गावी असते. मुलाने समुद्राकडे तोंड करून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. पुढे हिरवळ लावली आहे आणि विहिरीवर मोठा पंप बसवला आहे. घरात प्यायला बाटल्या येतात. मी रोज सकाळी विहिरीचा एक घोट तोंडात धरते. ह्या उन्हाळ्यात पाणी चढलं. मुलाला सांगितलं तर तो हसला, "आई, पाऊस आला की होईल ठीक."

काल त्याला मी त्याच पाण्याचा चहा दिला.

"आई, चहात मीठ पडलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "आपली विहीर आहे ती. सगळा पी."