नववी ओळ

आण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याची डावी बाही माघापासून गंजल्यासारखी दिसे. गव्हाचे पान ते बाहीवर पुसत आणि उमटलेल्या नारिंगी पुडीवरून तांबेरा किती वाढला ते सांगत. हातकणंगल्याजवळच्या आमच्या प्रक्षेत्रावर ते मजूर होते. मी नुकताच रुजू झालेला संशोधक. भिंगातून मोजलेला माझा आकडा त्यांच्या अंदाजापासून क्वचितच दूर जाई.

तेथे रोग मुद्दाम आणावा लागे. तांबेऱ्याला सहज बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ कडेने पेरायची, म्हणजे रोग पसरतो आणि बाकीच्या ओळींतल्या नव्या वाणांची परीक्षा होते. आण्णा त्या ओळीला ‘पावणी’ म्हणत. “पावणी आली, आता घरातल्यांचं गुण कळत्यात!”

नव्वदचे दशक सरत आले होते. सहाव्या ओळीवर एकही डाग नव्हता. नववीच्या खालच्या पानांवर डाग होते. परंतु रोग इतका सावकाश चढे, की शेंड्याच्या पानावर पोहोचेपर्यंत दाणा भरलेला असे. मी सहावी निवडली.

“सहावीवर भाळू नगा, सायेब. तिला अजून तिचा वैरी गाठ पडला न्हाय. नववी मार खातीया, पर पडत न्हाय.”

“डाग दिसले की शेतकरी बी घेत नाही, आण्णा. उपटा.”

“एक मूठ ठिवतो की.”

“नाकारलेली ओळ जाळायची, हा नियम आहे.”

त्यांनी नववी उपटली.

सहावीचा वाण पार जयसिंगपूरपर्यंत पसरला. काही वर्षांनी तांबेऱ्याचा नवा प्रकार आला आणि त्या वाणाची शेते पंधरवड्यात नारिंगी झाली. दाणे सुरकुतले. नववीचे बी अन्यत्र कोठेही नव्हते. मी आण्णांचे घर गाठले.

ते अंथरुणाला खिळले होते. बाही स्वच्छ पांढरी होती.

“आण्णा, नववीची मूठ मागे ठेवली असेल ना? मी रागावणार नाही.”

“तुम्ही जाळा म्हणालता की. दाणा बी ठिवला न्हाय.”

“मी चुकलो, आण्णा.”

“व्हय. चुकलासा.” मग म्हणाले, “फुडच्या साली पावणी पेरू नगा. समद्या शिवारात तीच हाय.”

पेरणीपूर्वीच आण्णा गेले. त्या वर्षी कडेची ओळ आम्हांला पेरावी लागली नाही.