वर्कशॉपला निघाली की बरी होणारी गाडी

“पुढच्या बारीला ही गाडी बैल जुंपून आणतो, जाधवसाहेब. म्होरं बँजो लावतो. अख्ख्या परभणीला दिसू द्या तुमचा माल.”

मन्मथअप्पा मानवतच्या मोंढ्यात सरकी-पेंडीचा व्यापार करतात. आवाजही मोंढ्यातलाच. आमच्या रिसेप्शनवर नवी गाडी बघायला आलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांनी हातातलं ब्रोशर हळूच टेबलावर ठेवलं आणि चहा न घेताच ते निघून गेले.

मी परभणीतल्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचं दुखणं शोधायचं काम करतो. अप्पांची डिझेल गाडी नवी कोरी होती. गावात नीट चालायची. पण ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढे झेपावण्याऐवजी दम सोडायची.

“देवगाव फाट्यापाशी ट्रकच्या बाजूनं काढली,” अप्पा सांगत होते. “समोरून एसटी. पाय दाबून धरला, तर गाडी म्हणती मी न्हाई येत. मागं माय, बायको, लेकरं. एसटीवाल्यानं गाडी खाली उतरवली म्हणून आज बोलायलोय तुमच्यासंग.”

याच तक्रारीसाठी गाडी आधी एकदा येऊन गेली होती, आणि ‘काही दोष नाही’ म्हणून मीच ती परत पाठवली होती. त्यातून या गाडीचा पीडीआयही माझाच. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी आम्ही ती बारकाईनं तपासतो, त्याला पीडीआय म्हणतात. माझा स्वभाव असा की शेजाऱ्यांच्या घरात कप फुटला तरी मला वाटतं, मीच नीट ठेवला नसेल.

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला ‘काय होतंय’ असं विचारायचं यंत्र. त्यानं सांगितलं, जोर लावताना इंजिनला हवा कमी पडते. हवा कमी पडली की इंजिन स्वतःला जपायला ताकद आवरून घेतं. म्हणजे अप्पा खरं बोलत होते.

हवा ज्या नळ्यांतून जाते त्यांचे जोड क्लिपांनी आवळलेले असतात. माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक सैल क्लिप उभी राहिली. मी तडक वर्क्स मॅनेजर खानसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“साहेब, पीडीआयला माझ्याकडून क्लिप सैल राहिली असणार. अप्पांचं कुटुंब माझ्यामुळे जाणार होतं.”

खानसाहेबांनी चष्मा काढला. “क्लिप बघितली?”

“अजून नाही.”

“जाधव, हे काय पोलीस ठाणं हाय का? आल्या आल्या गुन्हा कबूल करायलात. आधी बॉनेट तर उघडा.”

उघडलं. सगळ्या क्लिपा घट्ट. नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. फिल्टरवर नावापुरती धूळ. टर्बो, म्हणजे इंजिनमध्ये हवा कोंबणारा पंखा, मोकळा फिरत होता. अप्पांना शेजारी बसवून बायपासवर गेलो आणि पाय तळाला टेकवला. गाडी सुसाट सुटली.

“बघा!” अप्पा वैतागले. “अशीच करती. आजबी मानवतवरून येताना दोन ट्रक मागं टाकले. तुमच्याकडं यायचं म्हणलं की सुधारती. दवाखान्याच्या दारात लेकराचा ताप उतरतो, तशी गत.”

“अप्पा, तरी मला वाटतं चूक माझीच...”

“तुमची चूक घेऊन मी काय करू? मला गाडी पायजे!”

आणि ते गाडी घेऊन गेले. मला जेवण गेलं नाही. दोष सापडत नव्हता आणि दोष होता. पुढच्या वेळी एसटीवाला कडेला उतरला नाही तर?

त्यांचं ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. तुमच्याकडं यायचं म्हणलं की सुधारती. गाडीला काय माहीत ती कुठे चालली आहे? मग वर्कशॉपला निघायच्या आधी तिच्यात काहीतरी बदलत असलं पाहिजे. आणि तो बदल मानवतलाच होत असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी खानसाहेबांना म्हणालो, “न कळवता जातो आणि दारातून तशीच गाडी उचलतो.”

“जा. पण तिथं जाऊन माफी मागायला बसू नका.”

अप्पा दुकानात भेटले. त्यांची माय शेजारी हळदी-कुंकवाला गेली होती, असं नंतर कळलं. आम्ही गाडी तशीच काढली आणि पाथरी रस्त्याला लागलो. मोकळा पट्टा बघून मी पाय दाबला. गाडीनं एकदा जोर धरला, मग घशात घास अडकल्यासारखी घुसमटली आणि ढेपाळली.

अप्पा आनंदानं ओरडले, “मेली! बघा, मेली!”

इतका आनंद मला दोष सापडल्यावरच होतो. कडेला घेतली, बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वर, जिथून इंजिन बाहेरची हवा ओढतं त्या नळीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं मऊ फडकं दुहेरी करून, नाडीनं नीट बांधलेलं. हळू चालताना त्यातून पुरेशी हवा जायची. जोर लावला की फडकं आत ओढलं जाऊन तोंडच बंद व्हायचं.

फडकं सोडून पुन्हा पाय दाबला. अप्पांच्या मांडीवरचा मोबाईल मागच्या सीटवर गेला.

“हे तर मायचं लुगडं,” अप्पा हळूच म्हणाले. त्यांचा मोंढ्यातला आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

घरी माय परत आली होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि नजर थेट माझ्या हातातल्या फडक्यावर.

“मायऽ, हे तू बांधलं?”

“मग? मोंढ्यात कापसाची किती तूस उडती. रस्त्याचं काम चालू, त्याचा फुफाटा. लेकराच्या नाकावर फडकं टाकत न्हाईत का?”

“पण गाडीला नाक असतं हे तुला कुणी सांगितलं?”

तिनं माझ्याकडे बोट केलं.

मला आठवलं. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच असतं. अप्पा फोनवर बोलत होते, पोरं गाण्यांची बटणं दाबत होती. एकटी माय पूर्ण वेळ उभी राहून ऐकत होती. बॉनेट कसं उघडायचं हे मी तिला दाखवलं होतं, आणि नळीवर हात ठेवून म्हणालो होतो, “माय, गाडी इथून श्वास घेते.”

“मग वर्कशॉपला आणताना फडकं का काढायच्या?” मी विचारलं.

माय माझ्याकडे बघतच राहिली. “दवाखान्यात नेताना लेकराचं तोंड झाकून नेत्यात व्हय? डाक्टरला दिसाया नको?”

अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मी मायला गाडीपाशी नेलं. फिल्टरचा डबा उघडून दाखवला. “धूळ, तूस सगळं इथं अडतं, माय. गाडीच्या नाकात जाळी आधीच आहे.”

तिनं फिल्टरवरून बोट फिरवलं. बोटाला लागलेली धूळ बघितली.

“हे हाय, तर त्या दिशी का न्हाई दाखवलं? अर्धंच कसं सांगितलं?”

“चुकलं माझं, माय.”

“चुकलंच,” ती म्हणाली, आणि फडक्याची घडी घालून कनवटीला खोचली. “चला, च्या घ्या.”

या प्रकरणात माझी कबुली खानसाहेबांनी घेतली नव्हती, अप्पांनी घेतली नव्हती. शेवटी कुणीतरी घेतली. परत येताना मला फार हलकं वाटलं.

अप्पांनी बैलांचा विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र डिलिव्हरीच्या वेळी आता फिल्टरचा डबाही उघडून दाखवतो. बहुतेक गिऱ्हाइकं मोबाईलमध्ये असतात, त्यांची मला काळजी वाटत नाही. कुणी नीट कान देऊन ऐकायला लागलं, की त्याला सगळं सांगून झाल्याशिवाय मी चावी देत नाही.